नागवेल : अंगणात, घरात आणि मळ्यात

(नांदगाव पेठ येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या गावात येऊन विड्याच्या पानावर बोलणे काहींना नवलाचे वाटेल. पण मागच्या खेपेला मी येथे तुरीवरील मर रोगाबद्दल बोलायला आलो होतो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर मला जे प्रश्न विचारले गेले त्यांतले दोन तुरीचे नव्हते. एका ताईंनी विचारले, "सर, माह्या घरची नागवेल दर उन्हाळ्यात जळते. पानी तर रोज टाकतो. काय करू?" आणि एका तरुण शेतकऱ्याने बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, अर्ध्या एकरात शेडनेट टाकून पानमळा लावतो म्हनतो. बँकेत अर्ज केला आहे. कसं राहीन?"

ताईंची वेल एका कुंडीतली, भाऊंचा बेत अर्ध्या एकराचा. तरीही दोघांच्या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून आज दोन्हींबद्दल एकत्रच बोलतो.

प्रथम ही वनस्पती कोण आहे ते पाहू. नागवेल ही मिरीच्या कुळातली. काळी मिरी, पानपिंपळी आणि नागवेल या सख्ख्या बहिणीच म्हणा ना. तिचे मूळ घर आग्नेय आशियातील दमट जंगलात. तेथे मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात तिची मुळे पसरतात आणि पेरापेरातून फुटणाऱ्या बारीक मुळांनी झाडाच्या खोडाला धरून ती वर चढते. जमिनीतली मुळे खोल जात नाहीत, बहुतेक वरच्या वीतभर-हातभर थरातच असतात. पान रुंद, पातळ आणि रसदार असते. एवढे जरी लक्षात ठेवले तरी तिची अर्धी लागवड समजली. उथळ मुळे आणि रुंद पान, म्हणजे पाणी खर्च करायला मोठे आणि मिळवायला लहान. असे झाड उघड्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात टिकत नाही.

मग आपल्या वऱ्हाडात ही आली कशी आणि टिकली कशी? आपल्याच जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीच्या परिसरात पानमळ्यांची जुनी परंपरा आहे. तिकडे अकोट भागातही आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे गोडे पाणी, निचऱ्याची जमीन आणि बारी समाजाचे पिढ्यान् पिढ्यांचे कसब, या तीन गोष्टींवर ते मळे उभे राहिले. पानपिंपळीसुद्धा याच लोकांनी याच सावलीत पिकवली. त्याच पट्ट्याच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा सुरू होतो, विहिरीचे पाणी खारट लागते, आणि तेथे पानमळ्याचा विचारही कोणी करीत नाही. अंतर काही कोसांचे, पण वेलीच्या दृष्टीने तो वेगळा देश आहे. विदर्भात दुसरीकडे रामटेकचे बंगला पान प्रसिद्ध आहे. पश्चिम महाराष्ट्रात कपुरी जातीचे मळे आहेत.

या जुन्या मळेकऱ्यांनी वेलीसाठी जंगलच तयार केले. अगोदर शेवरी, हादगा, पांगारा किंवा शेवगा लावायचा, त्याची सावली धरली की त्याच्या बुडाशी वेल लावायची आणि त्याच्यावरच ती चढवायची. मळ्याच्या कडेने दाट कुंपण, त्यावर तट्ट्या किंवा ताट्या, म्हणजे पश्चिमेची झळ आत येऊ नये. पाणी थोडे थोडे आणि वारंवार. वेल डोक्याच्या वर गेली, खुडा करणे अवघड झाले, की तिची उतरण करायची. म्हणजे वेल आधारावरून सोडून, खालचा पाने नसलेला भाग बुडाशी वेटोळे करून मातीत दाबायचा आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधायचा. दाबलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. एकदा उतरण करताना अवश्य बघा. पुस्तकातून ती शिकता येत नाही, हे मी पुस्तके शिकविणारा माणूस सांगतो आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे नागवेल दोन महिन्यांत मरते. एक मे, दुसरा ऑगस्ट. बाकीच्या दहा महिन्यांत ती बहुधा स्वतःची काळजी स्वतः घेते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. वेल चाळीस अंशांपर्यंत निभावून नेते, त्यापुढे हाल सुरू होतात. पण केवळ उष्णतेने नाही, तर दुपारच्या कोरड्या वाऱ्याने ती अधिक जळते. सावली असली तरी वारा पानातून पाणी ओढून नेतो, आणि उथळ मुळे तितक्या वेगाने ते पुरवू शकत नाहीत. माती ओली असूनही पान कोमेजते ते यामुळे. आपण समजतो पाणी कमी पडले, म्हणून आणखी ओततो. त्या ताईंच्या वेलीचे नेमके हेच होत होते. त्यांची कुंडी पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याच्या छपराखाली होती. सावली पूर्ण, पण दुपारी ती भिंत आणि तो पत्रा तव्यासारखा तापतो. वरून जळत होती आणि रोजच्या पाण्याने खालून सडत होती.

यावर उपाय असा. उन्हाळ्यात वेल घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला आणावी. सकाळचे नऊपर्यंतचे कोवळे ऊन चालते, नव्हे, लागते. पश्चिमेच्या बाजूने गोणपाट, तट्टी किंवा हिरवी जाळी उभी बांधावी आणि दुपारी त्यावर पाणी शिंपडावे. कुंडीच्या मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटे थर द्यावा, मात्र तो खोडाला भिडू देऊ नये. पाणी सकाळी लवकर व सायंकाळी उशिरा द्यावे, आणि देण्यापूर्वी बोट पेरभर मातीत घालून बघावे. ओले लागले तर त्या वेळी मातीला पाणी देऊ नये, पानांवर फवारावे. कुंड्या एकेकट्या न ठेवता चार-पाच एकत्र ठेवल्या तर त्यांच्यामधली हवा दमट राहते. आई-आजी रांजणाच्या बुडाशी कुंडी ठेवीत, त्यात शास्त्र होते.

ऑगस्टचे संकट याच्या उलट आहे, आणि माझ्या मते अधिक वाईट. आपली काळी जमीन पावसात फुगते, भेगा बंद होतात, मातीतली हवा निघून जाते. कपाशीची मुळे खोल असतात, ती कशीबशी तग धरते. नागवेलीची मुळे गुदमरतात. त्यातच मूळकूज व खोडकूज करणारी फायटोप्थोरा नावाची बुरशी अशा साचलेल्या पाण्यातच पसरते. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत एका वेलीवरून दुसरीकडे जातात. वेल आज हिरवी दिसते, दोन दिवसांत पाने मलूल होऊन लोंबतात, आठवड्यात वाळते. बुडाशी खोड काळे पडते, दाबले तर साल सुटून हातात येते आणि आत धागे उरतात. घाण वास येतो. एवढे दिसले की ती वेल गेली असे समजावे, ती उपटून जाळावी आणि शेजारच्या वाचवाव्या.

हे मला पुस्तकातून समजले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी राहत्या घराच्या मागे भर काळ्या जमिनीत, सपाट वाफ्यात चाळीस वेली लावल्या होत्या. उन्हाळा त्यांनी उत्तम काढला. मी जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दाखवीत असे. ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस झड लागली, मी प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा एकतीस वेली माना टाकून बसल्या होत्या. ज्या नऊ वाचल्या त्या सगळ्या एका कोपऱ्यातल्या होत्या, जेथे विहिरीच्या खोदकामाचा मुरूम पडून जमीन थोडी उंच झाली होती. वेलींना कोणतेही खत, कोणतेही औषध वेगळे दिलेले नव्हते. फरक होता तो वीतभर उंचीचा.

म्हणून जमिनीत लावायची असेल तर काळ्या मातीत खड्डा करून कधीही लावू नये. खड्डा म्हणजे पाणी साठविण्याचे भांडेच होते. जमिनीच्या वर दीड फूट उंच गादीवाफा करावा, त्यात पोयटा, मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पाणी निघून जायला बाजूने चर ठेवावा. अनेक घरांत नागवेल न्हाणीच्या सांडपाण्यावर, अळूच्या शेजारी लावलेली दिसते. अळूला पाय पाण्यात ठेवायला आवडते, नागवेलीला नाही. साबणाचे पाणीही तिला सोसत नाही. त्या दोघींची जागा वेगळी असावी.

मर रोगासाठी मळ्यात पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि नंतर पावसाळाभर महिन्यातून एकदा वेलीच्या बुडाशी एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. दहा लिटरसाठी शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवून, मग तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओतून ढवळावे. लोखंडी भांडे वापरू नये. स्वच्छ खिळा त्यात बुडवून काढावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी थोडी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून देणेही चांगले, पण ते आणि बोर्डो एकाच वेळी देऊ नये. मोरचुदाला उपकारक बुरशी आणि अपकारक बुरशी यांतला भेद कळत नाही. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. हे पान शिजवले जात नाही, ते कच्चे तोंडात जाते. म्हणून औषध देण्यापूर्वी खुडा उरकून घ्यावा, आणि घरच्या कुंडीवर तर कोणतेही विषारी कीटकनाशक मारूच नये. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर ओल्या फडक्याने पुसून काढावी. दहा पानांच्या वेलीला यापेक्षा अधिक काही लागत नाही.

आता घरात वाढविण्याविषयी. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीमुळे येथे खोल्या करून राहणारी पुष्कळ कुटुंबे आहेत, त्यांना अंगण नाही. शहरातल्या सदनिकांचेही तेच. अशांनी नागवेल जरूर लावावी. दहा ते बारा इंची मातीची कुंडी, तळाला भोक, भोकावर खापराचा तुकडा. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. मध्यभागी काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी, ती ओली ठेवली की वेल तिला धरते. जागा खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आत असावी. सावलीत वाढणारी म्हणजे अंधारात वाढणारी नव्हे. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतका उजेड तिला हवा.

लावण्यासाठी काय घ्यावे? पुष्कळजण पानठेल्यावरून देठासह पान आणून पाण्यात ठेवतात. काही दिवसांनी देठाला पांढरी मुळे फुटतात, घरात आनंद होतो, आणि पुढे महिनोन् महिने ते पान तसेच राहते. त्याला वेल फुटत नाही, कारण डोळा पेरावर असतो, पानात नसतो. तीन ते चार पेरांचा, वर्षाच्या आसपास वयाच्या निरोगी वेलीचा तुकडा घ्यावा, दोन पेरे मातीत दाबावी, एक-दोन वर ठेवावी. कुंडीवर पहिले पंधरा दिवस पातळ प्लास्टिकची पिशवी उलटी घालून सावलीत ठेवावी. तीन-चार आठवड्यांत नवा फुटवा दिसतो. घरासाठी जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम. आणि लावण्यापूर्वी पान चुरगाळून वास घ्यावा. मनीप्लांटचे पान लहानपणी हुबेहूब असेच दिसते, पण ते खाल्ले तर तोंडाला खाज सुटते, जीभ सुजते. विड्याच्या पानाचा तिखट सुवास त्याला नसतो. घरात लहान मुले असतील तर दोन्ही कुंड्या शेजारी ठेवू नयेत.

पाण्याबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण घरातल्या बहुतेक वेली यातच जातात. बोअरचे क्षारयुक्त पाणी सतत दिले की पानाची टोके व कडा करपतात, मातीवर पांढरी साय धरते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते, ते वाया जाऊ नये म्हणून भगिनी कुंड्यांना घालतात. काटकसर चांगली, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. तेच कूलरच्या टाकीचे. दिवसभर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावे. वेलीसाठी पावसात छताचे पाणी ड्रममध्ये झाकून ठेवावे. मात्र कूलरची हवा वेलीला लाभते. थेट झोतात नव्हे, झोताच्या कडेला कुंडी ठेवावी. माझ्या घरची वेल मे महिना तशीच काढते. कूलर माझ्यासाठी लागतो की वेलीसाठी, असे घरून विचारले जाते ते वेगळे.

वेल काय म्हणते ते पानावरून ओळखता येते. उन्हाच्या बाजूला पांढरट-तपकिरी भाजल्यासारखा डाग म्हणजे ऊन लागले. टोकापासून आत येणारी करप म्हणजे क्षार किंवा कोरडी हवा. खालची पाने एकापाठोपाठ पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त. दोन पेरांत लांब अंतर आणि पाने लहान, तर उजेड कमी. पाने फिकट पण निरोगी, तर मूठभर गांडूळखत द्यावे. युरियाने पान मोठे व मऊ होते, पण रोगाला बळी पडते आणि खुडल्यावर टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडीने वाढ थांबते, तेव्हा काहीही करू नये. खुडताना खालची पक्व पाने देठासह घ्यावी, शेंड्याकडची आठ-दहा राहू द्यावी.

आता त्या तरुण भाऊंच्या अर्ध्या एकराकडे वळतो. त्यांनी मोबाइलवर परप्रांतातल्या एका पानमळ्याची फीत पाहिली होती. त्यात उत्पन्न सांगितले होते, मजुरी सांगितली नव्हती. पानमळ्यात रोज माणूस लागतो. बांधणी, खुडा, उतरण, सगळे हाताने, आणि तेही शिकलेल्या हाताने. कुठल्याही यंत्राने ते होत नाही. शिवाय बाजारही पाहावा लागतो. आपल्याकडे पानठेले गल्लोगल्ली आहेत, पण तेथे खपतो तो बहुतांशी खर्रा, आणि खर्र्यात पान नसतेच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून तो बनतो. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी ही सवय गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी, तसेच तंबाखूचा आणि बिनतंबाखूचा सुपारी घातलेला विडा, ही सर्व कर्करोगकारक ठरविली आहेत. म्हणजे पान स्वतः त्या यादीत नसले तरी त्याची सोबत वाईट आहे. पूजा, लग्नकार्य आणि सणावाराची मागणी कायम आहे, पण ती अर्ध्या एकराचा रोजचा खुडा उचलणारी नव्हे. अंजनगावकडच्या मळेकऱ्यांचे व्यापारी ठरलेले असतात. नव्या माणसाला ते शोधावे लागतील.

शेडनेटबद्दल ते विचारत होते. जाळी सुमारे पन्नास टक्के सावलीची असावी, दहा फुटांपेक्षा खाली नसावी, नाहीतर खाली हवा कोंडून तापते. पश्चिमेची बाजू मे महिन्यात बंद आणि ऑगस्टमध्ये मोकळी करता यावी. पण जाळी फक्त ऊन अडवते. काळ्या जमिनीचा निचरा ती सुधारत नाही, विहिरीचे खारट पाणी गोड करीत नाही. म्हणून मी त्यांना सांगितले, अर्ज सध्या थांबवा. विहिरीचे पाणी व जमिनीची माती तपासून घ्या. चोपण जमीन किंवा खारे पाणी निघाले तर विषय तेथेच संपवा. दोन्ही ठीक असेल तर एक गुंठा लावा. ओळीत दीड फूट व दोन ओळींत तीन फूट धरले तर सुमारे २४० वेली बसतात. आधारासाठी शेवरी आधी पेरा. मागील पीक वांगे किंवा टोमॅटो असेल तर ती जागा सोडा, कारण मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तेथे वाट बघत असतात. त्या एका गुंठ्याने एक मे आणि एक ऑगस्ट काढू द्या. निम्म्याहून अधिक वेली जगल्या, तर बँक कोठे जात नाही.

भाऊ थोडे नाराज झाले. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला, पाणी तपासले आहे, क्षार मर्यादेत आहेत, शेवरी पेरली. बेणे कोठून आणू?

बेणे मर रोग नसलेल्या मळ्यातूनच आणावे. शक्यतो ऑगस्टनंतर, म्हणजे रोग लपून राहत नाही. मळेकऱ्याला आधी विचारून जावे आणि मळ्याच्या दाराशी चपला काढाव्या. अनेक ठिकाणी तशी रीतच आहे. लोक तिला श्रद्धा म्हणतात, मी तिला रोगनियंत्रण म्हणतो, कारण चपलेच्या मातीबरोबर बुरशी एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाते. बरोबर ओले गोणपाट आणि केळीची पाने न्यावी. कापलेले बेणे केळीच्या पानात गुंडाळून, गोणपाटात ठेवून, दुपारच्या आत घरी आणावे, मोटारसायकलच्या कॅरिअरवर उघडे बांधून आणू नये. आणल्याबरोबर सावलीत ठेवून पाणी शिंपडावे आणि त्याच सायंकाळी लावावे.